‘नजर’ नावाचा लेअर

एक तास चाळीस मिनिटांनी चित्र अडकायचं. माझा आवाज पुढे जात राहायचा, "आता ही भिंत उचलून इकडे सरकवा," आणि पडद्यावरची भिंत जागच्या जागी. दोन-तीन सेकंदांनी ती एकदम उडी मारून पलीकडे. शिकणाऱ्याने काय समजायचं?

मी घरांचे नकाशे काढते, संगणकावर. ढब्बू, माझी मुलगी, व्हायच्या आधी सात वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात हेच केलं. आता एका प्रशिक्षण संस्थेला हे काम शिकवणारे व्हिडिओ हवे होते. पडद्यावर नकाशा काढत जायचं, बोलत जायचं आणि पडदा रेकॉर्ड करायचा. एकेक धडा तीन तासांचा, मध्ये कुठेही न तोडता, कारण शिकणारा आपल्याबरोबर बसून काढत असतो. असे बारा धडे. पण आधी एक नमुना, शुक्रवारी पाचच्या आत. तो पसंत पडला तर वर्षभर घरात बसून काम. नाही पडला तर रजा संपतेय, एक तारखेला ऑफिस. सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी सातला घरात, आणि दहा महिन्यांची ढब्बू अकरा तास दुसऱ्याच्या हातात.

हे ‘दुसऱ्याच्या हातात’ मला झेपत नाही, सरळच सांगते. ढब्बू सहा महिन्यांची असताना एक बाई ठेवली होती. बोलायला गोड, हाताला स्वच्छ. एक दिवस मी माझ्या तपासणीला निघाले आणि रिपोर्ट विसरले म्हणून कोपऱ्यावरून परत फिरले, तर बाई खाली फुटपाथवर कुणाशी गप्पा मारत उभी आणि वर ढब्बूचा रडून रडून घसा बसलेला. त्याच आठवड्यात मी कॅमेरा आणला. लिंबाएवढा पांढरा गोळा. ढब्बूच्या खोलीतल्या फळीवर, कापडी हत्ती आणि सशाच्या मधोमध ठेवला.

बाई गेली, तिच्या जागी नवऱ्याची मावशी राहायला आली. सगळे तिला मावशीच म्हणतात, मीही. नवरा म्हणाला, "आता तो गोळा काढ हं. आम्हा दोघा भावांना मावशीनेच वाढवलंय." मी म्हटलं, काढते. काढला नाही. सशाच्या बाजूला एक अस्वल आणून बसवलं, म्हणजे गर्दी वाटेल.

चित्र माझ्या संगणकावर यायचं, बाहेर असले की फोनवर. त्याचा प्रोग्रॅम हुशार होता. हालचाल ओळखायचा, आवाज येत नसला तरी चेहऱ्यावरून रडणं ओळखायचा, वेळ टाकून नोंद ठेवायचा. रेकॉर्डिंग सुरू केलं की मी तो पडद्याच्या खालच्या पट्टीत ढकलून द्यायचे, म्हणजे व्हिडिओत दिसायला नको. धडा संपला की आधी त्या नोंदी बघायचे, मग धडा.

नोंदींमध्ये एक भोक होतं. रोज अकरा ते अकरा चाळीस.

अकराला मावशी ढब्बूला उचलायच्या आणि चौकटीबाहेर जायच्या. खोलीचं दार चौकटीत दिसतं, ते उघडायचं नाही. म्हणजे होत्या खोलीतच, पण कॅमेऱ्याला दिसत नव्हत्या. चाळीस मिनिटं रिकामा पलंग. मग मावशी परत चौकटीत, ढब्बू खांद्यावर गाढ झोपलेली. इतकी गाढ की मला ते आवडेना. खाली ठेवताना हात लोंबायचा. एकदा मी तिच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. दुधाचाच होता. मावशी आंघोळीला गेल्यावर त्यांची पिशवी पाहिली. चष्म्याचं घर, बामची डबी, गोळ्यांची एक पट्टी. गोळ्यांचं नाव लिहून घेतलं आणि शोधलं. पित्ताच्या होत्या. तरी मोजून ठेवल्या.

शेवटी मी माझ्या पद्धतीने शोध लावायला बसले. धड्यासाठी मी आमच्याच घराचा नकाशा घेतला होता, कारण मापं तोंडपाठ. नकाशात लेअर असतात, काचेवर काच ठेवल्यासारखे. भिंतींचा एक, दारांचा एक, फर्निचरचा एक. हवा तो दाखवायचा, नको तो लपवायचा. मी एक नवा लेअर उघडला, कॅमेऱ्याच्या जागेपासून एकशे दहा अंशांचा त्रिकोण काढला, पिवळा रंग भरला आणि लेअरला नाव दिलं ‘नजर’. ढब्बूची जवळजवळ सगळी खोली पिवळी झाली. राहिला एकच पांढरा तुकडा. कपाट आणि माझ्या कामाच्या खोलीची भिंत यांच्यामधला कोपरा, एक मीटर दहा बाय नव्वद सेंटिमीटर.

एवढ्या जागेत रोज चाळीस मिनिटं माणूस लहान मूल घेऊन काय करतं?

हे विचारायचं कुणाला? नवऱ्याला विचारलं तर आधी कॅमेऱ्याचं सांगावं लागणार. आणि नमुन्याचे तीन प्रयत्न वाया गेलेले, तिन्ही एक-चाळीसच्या आसपास अडकलेले. बुधवारी मी दिराला बोलावलं. तो संगणक दुरुस्त करतो, पण पदवी पूर्ण केली नाही म्हणून घरात त्याला कंपाउंडर म्हणतात. त्यालाही ते आवडतं, फोन घेताना स्वतःच तसं म्हणतो.

"बोल वहिनी, पेशंटला काय होतंय?"

"ताप येतो. पंखा असा घुमतो की माझाच आवाज मला ऐकू येत नाही. माइक तोंडाशी धरून ओरडल्यासारखं शिकवते मी."

त्याने रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला आणि जीभ चावली. "सेकंदाला साठ चित्रं? तुझ्या भिंती काय शर्यत लावतात का? पंधरा पुष्कळ झाली." मग आणखी खाली गेला. "आणि हे सगळं दाबून बारीक करायचं काम एकट्या प्रोसेसरवर टाकलंयस. शेजारी ग्राफिक्स कार्ड हात बांधून बसलंय, त्याला दे की. अख्खा पडदा कशाला, फक्त नकाशाची खिडकी घे. आणि हे बाजूला रेकॉर्डिंगचं छोटं चित्र चालू ठेवलंयस ते कशाला?"

"रेकॉर्ड होतंय ना, ते कळायला."

"विश्वास नाही तुझा कशावर."

मी हसले. तो पडद्याकडेच बघत होता, म्हणजे सहज म्हणाला असेल.

प्रोसेसरचा आकडा अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होता, तो एकाहत्तरवर आला. कंपाउंडर खूश होईना. "पस्तिसाच्या आत यायला हवा. कुणीतरी खातंय." त्याने चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. वरून दुसरी ओळ, काहीतरी अक्षरं-आकडे जोडून केलेलं नाव, आणि पुढे एकोणतीस टक्के. मला ते नाव ओळखीचं होतं.

भिंतीपलीकडे मावशींनी टाळ्या वाजवल्या, ढब्बू खिदळली. एकोणतीसचे एकेचाळीस झाले. पलीकडे शांत झालं. चोवीस.

खाली पट्टीत ढकललं म्हणजे ते झोपलं, असं मी समजत होते. सात वर्षं संगणकावर काढलेली बाई मी. ते झोपलेलं नव्हतंच. ढब्बूने पाय हलवला तरी ते बघायचं, तपासायचं, हे रडणं आहे की हसणं ते ठरवायचं. अकराला दोघी गायब झाल्या की त्याला घटकाभर विसावा. अकरा चाळीसला त्या परत आल्या की आधीच तापलेल्या मशीनला ते झेपायचं नाही आणि माझा व्हिडिओ अडकायचा. मी दहाला सुरू करायचे. एक तास चाळीस.

"हे काय आहे, वहिनी?"

"प्रिंटरचं असेल."

"प्रिंटर कुठाय?"

"मैत्रिणीला दिला."

त्याने ती यादी बंद केली. "बरं, एक टेस्ट घेऊ. तुझा नकाशा उघड." मी उघडला आणि उघडताक्षणी कळलं की लेअर लपवायचा राहिलाय. आमचं घर काळ्या रेघांत, आणि ढब्बूच्या खोलीत पिवळाधमक त्रिकोण. बाजूच्या यादीत ओळीने, भिंती, दारं, खिडक्या, फर्निचर, नजर.

"हा कसला लेअर?"

"उन्हाचा. ऊन कुठवर येतं ते."

"ऊन फळीवरून येतं?"

मी माउस हातात धरून बसले. कंपाउंडरने तो त्रिकोण मोठा करून पाहिला, पांढऱ्या कोपऱ्यावर लिहिलेलं माप पाहिलं, मग पुन्हा लहान केला.

"दादाला माहीत आहे?"

"नाही."

"मी नाही सांगणार. पण एक सांगतो, कंपाउंडरचा सल्ला. या मशीनला एकच जमेल. रेकॉर्ड तरी कर नाहीतर राखण तरी. दोन्ही नाही झेपणार त्याला."

निघताना तो मावशींशी दाराजवळ दोन मिनिटं बोलला. हळू. मला ‘फळी’ असं ऐकू आलं. किंवा ‘खाली’ असेल.

गुरुवारी सकाळी मी तो प्रोग्रॅम खाली ढकलला नाही, पूर्ण बंद केला. यादीत जाऊन खात्री केली, दोनदा. मग मावशींकडे गेले.

"मावशी, आता तीन तास दार ठोठावू नका हं. एकदाच होणारं काम आहे. काही झालं तर मात्र लगेच ठोठावा."

"म्हणजे ठोठावू की नको?"

"काही झालं तर."

"काही म्हणजे काय, ते लिहून ठेव एका कागदावर," मावशी म्हणाल्या आणि ढब्बूचं नाक पुसू लागल्या.

दहाला सुरू केलं. आकडा एकतीस. पंखा आधी घुमला, मग मंद झाला, आणि साडेदहाच्या सुमारास ऐकू येईनासा झाला. त्या खोलीत इतकं शांत असतं हे मला माहीतच नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ वाजतं, खाली कुणीतरी सायकल टेकवतं, सगळं ऐकू येत होतं. आणि अकरा वाजून गेल्यावर, माझ्या उजव्या हाताच्या भिंतीपलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. लाकडी काहीतरी. मग मावशींचा आवाज, माझ्या कानापासून हातभर अंतरावर.

"इथे बस. इथे नाही त्याचा डोळा."

पडद्यावर लाल ठिपका चालू, एक तास दोन मिनिटं. उठावं तर नमुना गेला. उद्या एकच दिवस, आणि उद्या नवऱ्याला ऑफिसचं काम घरून करायचं म्हणून संगणक हवा होता. न उठावं तर भिंतीपलीकडे माझी मुलगी, आणि ती बाई, जिला डोळा कुठे आहे ते माहीत आहे आणि कुठे नाही तेही. मी दाराकडे पाहिलं. खुर्ची मागे सरकवायला पाय टेकले.

आणि तोंडाने म्हणाले, कारण काहीतरी बोलायलाच हवं होतं, "आता ही मधली भिंत घ्या."

"ही भिंत," पलीकडून मावशी म्हणाल्या.

मी थांबले. "तिची जाडी निवडा."

"जाडी निवडा," पलीकडून. "कोण जाडी? तू जाडी. निवडली."

ढब्बू हसली. पोटातून येतं ना, तसं.

मी पाय पुढे घेतले. दहा सेंटिमीटर टाइप केलं. पुढची वीस मिनिटं मी वाक्य म्हणायचे आणि भिंत ते परत म्हणायची, रेघ ओढा, ओढली बाई रेघ, दार उजवीकडे उघडा, उघडलं बाई दार. हळूहळू मावशींचा आवाज बारीक होत गेला आणि मग बंद झाला. त्यानंतरची शांतता फार वाईट होती. त्या शांततेत मी एकच दार दोनदा शिकवलं. कान भिंतीला लावायची फार इच्छा झाली, पण माइक गळ्यात होता. मी बोलत राहिले. जिना काढला, पायऱ्या मोजल्या, न्हाणीघराची फरशी घातली. बारा बावन्नला रेकॉर्डिंग थांबवलं आणि एक-चाळीसवर नेऊन पाहिलं. भिंत जिथे नेली तिथे गेली. एकही उडी नाही.

मग बाहेर आले. ढब्बू पलंगावर झोपली होती, मावशी तिची झबली घडी घालत होत्या. कोपऱ्यात कपाटाला टेकून एक बुटकं स्टूल आणि उशी.

"मावशी, अकराला तुम्ही कुठे बसता?"

"तुला माहीत आहे की. तुझा डोळा पोचत नाही तिथे."

"कंपाउंडरने सांगितलं?"

"तो कसला सांगतोय. म्हणाला, मावशी, त्या कोपऱ्यातच बसत जा, तिथे गार आहे. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. कालही झाले." त्यांनी एक झबलं झटकलं. "आणि तो कशाला सांगायला हवा? मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी फळी पुसायला घेतली. कापडी हत्तीच्या शेजारचा गोळा गरम कशाला लागेल?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

मी पलंगाच्या कडेला बसले. ढब्बूच्या नाकाखाली बोट धरलं, सवयीने. मावशींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"अगं, दिवसभर कुणी बघतंय म्हटलं की पाठ ताठ होते," त्या म्हणाल्या. "खाजवायचं झालं तरी विचार करून खाजवायचं. त्या कोपऱ्यात चाळीस मिनिटं मी वाकडीतिकडी बसते. आणि भिंतीतून तुझा आवाज येतो, तो ऐकत ही झोपते. तू इतकं कंटाळवाणं शिकवतेस की मीही पेंगते."

"मी आजच तो काढते."

"नको काढू."

"का?"

"तू घरात असताना बंद ठेव. बाहेर गेलीस की लाव." घडी घातलेल्या कपड्यांवर त्यांनी तळहात दाबला. "उद्या ही पलंगावरून पडली, तर तू मला पहिल्यांदा काय विचारशील?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही.

"त्यात दिसेल तरी," मावशी म्हणाल्या, "मी किती लांब होते ते."

त्याच दुपारी मी नमुना पाठवला. पाठवण्याआधी एक तास दोन मिनिटांपासूनचा भाग हेडफोन लावून ऐकला. बहुतेक काही कळत नव्हतं, फक्त ‘तू जाडी’ आणि ते हसणं अंधुक आलं होतं. ते पुसायचं तर फाइल तोडावी लागली असती. तसाच पाठवला.

सोमवारी संस्थेतल्या बाईंचा मेल आला. चित्र उत्तम, बाराही धडे तुम्हीच करा. खाली एक ओळ होती. शेजारच्या खोलीतला आवाज येतो, पुढच्या धड्यांत नको.

मी तो मेल घेऊन मावशींकडे गेले. काम मिळालं म्हणून त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मग मी ती शेवटची ओळ वाचून दाखवली.

"म्हणजे मी कोपऱ्यात बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "मग बसू कुठे?"

"पलंगावर बसा, खिडकीशी बसा. कुठेही. मी शिकवताना तो बंदच असणार. चालू ठेवला तर माझं रेकॉर्डिंगच होणार नाही."

"हे तू म्हणतेस."

"मावशी, खरंच."

"खरंच असेल गं. पण बंद आहे हे मला इथे बसून कसं कळणार?"

मी कंपाउंडरचे आकडे सांगणार होते, एकतीस आणि एकाहत्तर. सांगितले नाहीत. आकडे माझ्या पडद्यावर असतात, त्यांच्या नाही. मी स्टूलवर चढले, हत्ती-ससा बाजूला केले, गोळ्याच्या मागची वायर प्लगसकट ओढून काढली, तिची गुंडाळी केली आणि मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याच्या घराशेजारी पिशवीत टाकली.

संध्याकाळी मी नवऱ्यालाही सांगितलं. तो उठून मावशींकडे गेला. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. माझ्यावर हसत असतील.

आता चार धडे झालेत. मी शिकवते तेव्हा मावशी ढब्बूला घेऊन खिडकीशी बसतात आणि ढब्बूला झोपवायला तासभर लागतो, त्याबद्दल मला रोज ऐकवतात. मी बाहेर निघाले की मावशी पिशवी उघडतात. वायर मी लावत नाही, मागतही नाही. "लावते गं, जा," असं म्हणतात. लावली की नाही ते मला जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत समजत नाही. फोनवर चित्र यायला तेवढा वेळ लागतो.